'गेट' आणि 'लागणें'

बार्शीटाकळीच्या एका विद्यार्थ्यानें 'आय गॉट फीवर' ह्याचें भाषांतर 'मीं ताप मिळविला' असें केलेलें आम्हीं वाचलें. हसूं आलें, पण दोष त्याचा नव्हे. 'गेट' म्हणजे मिळविणें, एवढेंच त्याजकडून पाठ करविलेलें. घरीं तो 'मले ताप आला' असेंच म्हणत असणार!

हा इंग्रजी धातु पत्र आलें तरी चालतो; घरीं पोहोंचलें, पावसांत भिजलें, विनोद समजला, फार काय, लग्न झालें तरीही चालतो. शालेय कोश ह्या अर्थांची रांग लावितात. परंतु मराठींत येतांना पुष्कळदां वाक्याचा कर्ताच बदलतो, हें सांगत नाहींत. इंग्रजींत माणूस ताप पदरांत पाडून घेतो. आपल्याकडे ताप माणसाकडे चालत येतो.

आमचें 'लागणें' तरी कुठें सरळ आहे? भूक लागते, ठेच लागते, वाटेंत गांव लागतो, झाडास आंबे लागतात, लग्नास पैसे लागतात, आणि 'ते तुमचे कोण लागतात?' हा प्रश्न निराळाच! मराठी शिकणाऱ्या इंग्रजाची ह्या रानांत काय अवस्था होत असेल! मोल्सवर्थनें मात्र आपल्या कोशांत (दुसरी आवृत्ति, १८५७) अर्थांशेजारीं चालते प्रयोगही नोंदविले. शाळेंतल्या गाइडांना तेवढें सुचलेलें दिसत नाहीं.

त्या मुलाचे गुण आम्हीं कापले नाहींत.