पदवीची टोपी आणि समारंभाची मालकी : एक चिकित्सा

प्रास्ताविक

समारंभातून शिक्षणसंस्था स्वतःविषयीची आपली धारणा शब्दांवाचून व्यक्त करीत असते. कोण कोठे बसतो, कोण उभा राहतो, कोणाच्या अंगावर कोणते वस्त्र असते, यावरून त्या संस्थेतील ज्ञानाची आणि अधिकाराची उतरंड सहज वाचता येते. पदवीप्रदान समारंभ तर या दृष्टीने विशेष बोलका होय. अमेरिकेतील विद्यार्थी गेल्या काही दशकांत आपल्या पदवीच्या टोप्या रंगवू, सजवू लागले आहेत. वरवर पाहता ही तारुण्यसुलभ हौस वाटते. प्रस्तुत लेखात या प्रथेची चिकित्सा करून परंपरेकडे पाहण्याच्या दृष्टिकोनासंबंधी काही विचार मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

नियम आणि टोपी

झगा आणि चौकोनी टोपी हा वेश युरोपातील मध्ययुगीन विद्यापीठांच्या धर्मपीठीय वातावरणातून आला. अमेरिकेत त्याला एकसूत्री रूप मिळाले ते १८९५ मध्ये. त्या वर्षी निरनिराळ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींनी मिळून वेशसंहिता निश्चित केली. झग्याचा घाट, बाह्यांची ठेवण, विद्याशाखेनुसार रंग अशा बारीकसारीक बाबी तीत ठरविण्यात आल्या. टोपी काळी असावी आणि तिच्या मध्यबिंदूपासून गोंडा लोंबावा, एवढेच टोपीचे अलंकरण या संहितेला मान्य होते.

तथापि ज्या गोष्टींना आपण परंपरा म्हणतो, त्यांतील कित्येक नियमांतून जन्मलेल्या नसतात. टोप्या हवेत उडविण्याची प्रथा हे याचे उत्तम उदाहरण आहे. तिचा उगम सामान्यतः १९१२ मधील ॲनापोलिस येथील नौदल अकादमीच्या समारंभात सांगितला जातो. त्या वर्षीच्या स्नातकांना थेट अधिकारपद मिळाल्याने छात्रपणीच्या टोप्यांची गरज उरली नव्हती. म्हणून त्यांनी त्या भिरकावल्या. एका तुकडीचा व्यावहारिक उल्हास पुढे सर्वांची परंपरा झाला. नियम वरून येतो, परंपरा मात्र बहुधा खालूनच उगवते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

वीतभर जागा

सजावटीसाठी टोपीच का निवडली गेली? क्रीडांगणाच्या उंच पायऱ्यांवर बसलेल्या कुटुंबीयांना खालच्या शेकडो काळ्या झग्यांत आपले मूल ओळखू येत नाही; टोपीचा सपाट माथा तेवढा वरून दिसतो. झगा पुष्कळदा भाड्याचा असतो, टोपी मात्र बहुधा स्वतःजवळ राहते. साहजिकच हा वीतभर चौकोन लिहिण्याची पाटी बनला. आईवडिलांचे आभार, स्थलांतरित कुटुंबाची मूळ भाषा, घराण्यातील पहिला पदवीधर असल्याचा अभिमान, शैक्षणिक कर्जावरील विनोद, दिवंगत आजीचे छायाचित्र असे कितीतरी विषय या पाटीवर आढळतात. लोकसाहित्याच्या अभ्यासक शीला बॉक यांचा ‘क्लेमिंग स्पेस’ हा ग्रंथ (२०२३) याच विषयाला वाहिलेला आहे. जागेवर हक्क सांगणे हा त्या शीर्षकाचा आशय पुरेसा सूचक आहे.

या सजावटीवर दोन आक्षेप घेता येतात. एकसारखा वेश गरीब-श्रीमंत हा भेद झाकतो, सजावट तो पुन्हा उघडा करते, हा पहिला आक्षेप. तो क्षुल्लक नाही. विशेषतः बाजारात तयार नक्षीची आच्छादने विकत मिळू लागल्यावर ‘स्वतःचे म्हणणे’ सुद्धा साच्यातून निघू लागते. दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा : समारंभाचे गांभीर्य भंगते. परंतु गांभीर्य म्हणजे एकरूपता नव्हे. आजीचे छायाचित्र डोक्यावर मिरविणारी मुलगी समारंभाची थट्टा करीत नाही. उलट त्याला नको तितके गंभीरपणे घेते.

खरा प्रश्न नियम कोणासाठी वाकतो हा आहे. २०१९ मध्ये ॲरिझोनातील एका शालेय समारंभात मूलनिवासी समाजातील विद्यार्थिनीला मण्यांनी मढविलेली, गरुडपिसाची टोपी घालून प्रवेश नाकारण्यात आला. तिच्या दृष्टीने ते पीस धार्मिक श्रद्धेचा विषय होते. त्याच शालेय प्रशासनाच्या दुसऱ्या शाळेत मात्र टोपीवर कर्करोग-जागृतीचे चिन्ह लावलेला विद्यार्थी विनाअडथळा समारंभात बसला, असे तिचे म्हणणे होते. खालच्या न्यायालयाने फेटाळलेला तिचा दावा २०२२ मध्ये संघीय अपील न्यायालयाने पुढे चालू दिला. नियम सर्वांना सारखा लावला गेला नाही, हे तिचे प्रतिपादन न्यायालयाला विचारार्ह वाटले. माँटाना राज्याने तर २०१७ मध्येच अशा पारंपरिक वेशाला कायद्याने संरक्षण दिले होते. तटस्थ भासणारा नियमही कोणाला दिसू द्यावयाचे आणि कोणाला नाही हे ठरवीत असतो, याचा हा वस्तुपाठ होय.

आपल्याकडील चित्र

भारतात हा वेश वसाहतकालीन विद्यापीठांबरोबर आला. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत (१८६२) न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर होते. स्वातंत्र्यानंतरही वेश टिकला. २०१० मध्ये भोपाळ येथील समारंभात तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी वसाहतवादाचा अवशेष म्हणून झगा व्यासपीठावरच उतरविला. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने हातमागाच्या वस्त्रांचा आग्रह धरला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतील संस्थांना काळा झगा व टोपी सोडून स्थानिक परंपरेवर आधारित वेश ठरविण्यास सांगितले.

या सर्व घटनांत एक साम्य आहे. बदल आवश्यक असेलही. पण तो ठरविणारा विद्यार्थी नव्हता. परका वेश जाऊन स्वकीय वेश आला, तरी वेश नेमून देण्याचा अधिकार जेथे होता तेथेच राहिला. शिवाय ‘स्वकीय’ म्हणजे कोणाचे, हाही प्रश्न सुटत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या जानेवारी २०१९ मधील समारंभात काही विद्यार्थ्यांनी पुणेरी पगडीला विरोध करून महात्मा फुले यांच्या पगडीची मागणी केली. ज्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे, तेथे ही मागणी केवळ शिरोभूषणाची नव्हती. ज्ञानाचा वारसा कोणाकडून आला असे आपण मानतो, हा तिचा गाभा होता. अमेरिकन मुलीचे गरुडपीस आणि पुण्यातील पगडी यांत अंतर पुष्कळ. प्रश्न मात्र एकच.

समारोप

परंपरेशी वागण्याचे तीन मार्ग येथे दिसतात : ती उतरवून ठेवणे, ती बदलून दुसरी घेणे आणि तिच्यावर आपले काही लिहिणे. पहिल्या दोहोंची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. तिसरा मार्ग मात्र दुर्लक्षित राहिला. जो टोपीवर लिहितो त्याला ती टोपी हवी असते. पण ती आपल्याला ओळखणारी असावी एवढीच त्याची अपेक्षा असते. आपल्या समारंभानंतर प्रांगणात एखादा मुलगा आपली टोपी क्षणभर आईच्या डोक्यावर ठेवतो आणि छायाचित्र काढून घेतो. ती आई कदाचित शाळेची पायरीही चढलेली नसेल. कोणत्याही परिपत्रकात न सांगितलेला हा विधी त्या दिवसाचा खरा पदवीप्रदान असतो.

आता पदवीप्रदान समारंभ महाविद्यालयांतही होऊ लागले आहेत. अशा वेळी आपण प्राध्यापकांनी निदान नियोजनाच्या बैठकीत विद्यार्थ्यांना बसवावे. वेश कोणताही असो. त्यावर वीतभर जागा त्यांची असावी, आणि ती सर्वांना सारखी मिळावी, एवढेच या चिकित्सेचे सांगणे आहे.