लंडनच्या विमानाचे गणित

शालेय गणितात विमानाचे एक उदाहरण हमखास भेटते. मुंबई-लंडन अंतर ७२०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर, तर प्रवासास किती वेळ लागेल? उत्तर ८ तास. पैकीच्या पैकी गुण. भागाकाराचा सराव म्हणून आमची त्याला हरकत नाही. पण ते ‘व्यवहारातील गणित’ म्हणून शिकवले जाते, तेव्हा तपासून घ्यावे लागते. प्रत्यक्षात या प्रवासाला साडेनऊ तासांच्या आसपास लागतात. मग विद्यार्थ्याने खोटे कोणाला ठरवायचे, पुस्तकाला की वेळापत्रकाला?

परळ-लालबागच्या मुलांना खरे तर हे कोडे पडू नये. दादर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे ९ किलोमीटर धीमी लोकल सुमारे वीस मिनिटांत तोडते. म्हणजे सरासरी वेग ताशी २७ किलोमीटर. दोन स्थानकांच्या मध्ये ती याहून कितीतरी वेगाने धावते, हे दारात उभे राहणाऱ्यांना (उभे राहू नये, हे वेगळे सांगायला नकोच) ठाऊक असते. जलद गाडी करी रोड, चिंचपोकळीला थांबत नाही, म्हणून लवकर पोचते. विमानाचा ताशी ९०० हा वेगही उंची गाठल्यानंतरचा. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, चढणे, उतरणे, जागा मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालणे, हा सारा वेळ उदाहरणातून गळालेला असतो.

अंतराची गोष्ट याहून गंमतीची आहे. वर्गातल्या सपाट नकाशावर मुंबई-लंडन सरळ रेघ ओढली तर ती अरबी समुद्रावरून इराणच्या किनाऱ्याकडे जाते. आता दादरच्या फुलबाजारात गजऱ्यासाठी वापरतात तसला दोरा घ्या आणि पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये ताणून धरा. दोरा उत्तरेकडे सरकतो आणि चक्क कराचीवरून जातो! ७२०० किलोमीटर हे या दोऱ्याचे अंतर. नकाशावरची ‘सरळ’ वाट सुमारे २०० किलोमीटरने लांब पडते. पण विमान दोऱ्यावरूनच जाईल असेही नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला आले, ते अहमदाबादला उतरून. त्या वळणाने वाट सुमारे दीडशे किलोमीटरने वाढते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा घ्यावा लागला.

शिवाय वारा. त्या उंचीवर तो बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. तो ताशी ८० किलोमीटर धरला, तर जाताना वेग ८२०, येताना ९८०. जातानाचा तोटा येताना भरून निघेल असे बहुतेक विद्यार्थी सांगतील. करून पाहावे: जाण्यायेण्याचे १६ तास न होता सुमारे ८ मिनिटे अधिक होतात, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ असते. नववी-दहावीसाठी इतके चांगले उदाहरण पुस्तकाने सोडून द्यावे, ही आमची खरी तक्रार.

राहिले घड्याळ. हिवाळ्यात सकाळी ७ ला मुंबईहून निघालेले विमान लंडनला तिथल्या ११ वाजता पोचले, तर वजाबाकी ४ तास सांगते आणि वेग येतो ताशी १८०० किलोमीटर. त्या उंचीवर ध्वनीचा वेग ताशी सुमारे १०६० किलोमीटर असतो. एवढे फळ्यावर लिहून शिक्षकांनी गप्प बसावे. साडेपाच तास कुठे गेले ते वर्गाला शोधू द्यावे.