पोस्टरवरचे वचन आणि पडद्यावरची कथा: नागपूर-विदर्भाच्या समकालीन चित्रपटांचे वाचन

माध्यम अभ्यासाच्या वर्गांत चित्रपटाचे कथन, त्याचा प्रकार आणि त्याचे विपणन हे तीन विषय बहुधा तीन वेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात आणि विद्यार्थीही त्यांची उत्तरे तितक्याच अलिप्तपणे लिहितात. प्रत्यक्षात मात्र चित्रपट घडतो तो या तिघांच्या देवघेवीतून, कधी त्यांच्या एकमतातून तर कधी त्यांच्यातील उघड विसंवादातून. हा विसंवाद जितक्या स्पष्टपणे ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झालेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मध्ये दिसतो, तितक्या स्पष्टपणे अलीकडच्या फार थोड्या भारतीय चित्रपटांत दिसतो. नागपुरात घडणारा, नागपुरात चित्रित झालेला आणि नागपूरच्या वस्त्यांतील मुलांनाच पडद्यावर आणणारा हा चित्रपट विकला गेला एका गोष्टीच्या नावावर आणि त्याने सांगितली दुसरीच गोष्ट. या फरकाला चित्रपटाचा दोष मानण्याचा मोह अनेकांना झाला. तो फरक हाच चित्रपटाचा आशय आहे, असे येथे मांडायचे आहे.

विवेचनासाठी तीन संज्ञा आधी स्पष्ट करणे इष्ट ठरेल. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत रशियन रूपवादी समीक्षकांनी कथावस्तू आणि कथन यांत भेद केला: कथावस्तू म्हणजे घटनांचा कालक्रमाने लागणारा साठा, तर कथन म्हणजे त्यांतील काय दाखवावे, काय गाळावे, कशावर रेंगाळावे आणि कोणत्या क्रमाने सांगावे याची मांडणी, डेव्हिड बॉर्डवेल यांनी १९८५मध्ये हाच भेद चित्रपटाला सविस्तर लावून दाखवला. प्रकाराविषयी रिक ऑल्टमन यांनी १९८४मध्ये मांडलेली दुपदरी कल्पना आजही उपयोगी पडते. मैदान, चेंडू, शिट्टी, प्रशिक्षक ही क्रीडापटाची सामग्री झाली, आणि ‘दुबळा संघ, कठोर सराव, अंतिम सामन्यात विजय’ ही त्या सामग्रीची जुळणी झाली. सामग्री तीच ठेवून जुळणी बदलली की प्रकार आतून बदलतो. तिसरी संज्ञा जेरार्द जनेत यांच्या साहित्यविचारातून आलेली आहे. मुखपृष्ठ, प्रस्तावना, जाहिरात असा जो मजकूर मूळ कृतीभोवती उभा राहून ती कशी वाचावी हे वाचकाला आधीच सुचवतो, त्याला येथे परिसंहिता म्हटले आहे. चित्रपटाच्या बाबतीत पोस्टर, झलक, आधी सोडलेली गाणी, मुलाखती आणि महोत्सवांची मानचिन्हे हे सारे परिसंहितेत येते, आणि प्रेक्षक तिकीट काढतो तो चित्रपट पाहून नव्हे, परिसंहिता पाहून.

‘झुंड’ची परिसंहिता क्रीडापटाची होती. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१मध्ये सुरू केलेल्या झोपडपट्टी फुटबॉलच्या उपक्रमावर, म्हणजे पुढे ‘स्लम सॉकर’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेवर, कथा आधारलेली होती. आमिर खान यांच्या ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे हे काम देशभर पोहोचलेले होते. आणि मुख्य भूमिकेत अमिताभ बच्चन होते. पात्राचे नाव विजय बोराडे. खऱ्या व्यक्तीचे नाव आणि ‘जंजीर’, ‘दीवार’पासून बच्चन यांच्या पडद्यावरील प्रतिमेला चिकटलेले नाव येथे योगायोगाने एकच आले, आणि जाहिरातीच्या दृष्टीने हा योग मोलाचा होता. ‘लगान’ (२००१) आणि ‘चक दे! इंडिया’ (२००७) पाहिलेल्या प्रेक्षकाला अशा परिसंहितेतून काय अपेक्षावे हे वेगळे सांगावे लागत नाही.

चित्रपट ही अपेक्षा निम्म्या वाटेपर्यंत पूर्ण करतो आणि नंतर ती जाणीवपूर्वक सोडून देतो. भिंतीपलीकडच्या वस्तीतली मुले, भिंतीअलीकडचे महाविद्यालय, निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे शिक्षक, पैसे देऊन खेळायला लावणे, मग पैसे न देताही मुलांचे मैदानावर येणे, आणि त्यानंतर वस्तीचा संघ विरुद्ध महाविद्यालयाचा संघ असा सामना: क्रीडापटाची सगळी सामग्री येथे आहे आणि जुळणीही ओळखीची आहे. इतर कोणत्याही दिग्दर्शकाने हा सामना शेवटाला ठेवला असता. मंजुळे तो कथेच्या मध्यावर संपवतात आणि उरलेला चित्रपट ओळखपत्र, जन्माचा दाखला, पारपत्र, पोलिसांची नोंद आणि न्यायालय यांच्यावर खर्च करतात. रिंकू राजगुरू यांनी साकारलेल्या आदिवासी मोनिकाला संघात निवड झाल्यानंतर आपण या देशाचे आहोत हे कागदावर सिद्ध करण्यासाठी वडिलांबरोबर दारोदार हिंडावे लागते, आणि नागपूरच्याच अंकुश गेडाम यांनी उभा केलेला डॉन जुन्या गुन्ह्याच्या नोंदीमुळे विमानतळापर्यंत पोहोचू शकेल की नाही हाच कथेचा ताण बनतो. परदेशातील स्पर्धा पडद्यावर येतच नाही. विमान उडते तेथे चित्रपट थांबतो. क्रीडापटात अंतिम सामन्याला जे स्थान असते ते येथे सुरक्षा तपासणीच्या रांगेला मिळाले आहे.

ऑल्टमन यांच्या भाषेत सांगायचे तर सामग्री राखून जुळणी बदलली गेली. त्यामागचा विचार उघड आहे: ज्या मुलाला मैदानात शिरण्याचाच अधिकार नाही, त्याच्या बाबतीत खेळातील जय हा शेवट असू शकत नाही, कारण त्याचा खरा सामना प्रवेशासाठीच आहे. भिंतीची प्रतिमा, वस्तीतील आंबेडकर जयंतीचा प्रसंग आणि त्यात बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे उभा राहणारा हिंदी चित्रपटसृष्टीचा सर्वांत मोठा नट, हे सारे त्याच विचाराशी जोडलेले आहे. दीक्षाभूमीच्या शहरात घडणाऱ्या कथेत बाबासाहेबांची ही प्रतिमा सजावट म्हणून आलेली नाही. मुख्य धारेतील हिंदी चित्रपटाने दीर्घकाळ ज्या चौकटीतून तिला वगळले त्या चौकटीत ती परत ठेवली गेली आहे.

तरीही चित्रपटात एक खरी अडचण आहे आणि ती विपणनातूनच कथनात शिरलेली आहे. तारा-नट विकत घेतला की त्याला मोठे भाषण द्यावे लागते. न्यायालयातील विजय बोराडे यांचे निवेदन हे असे भाषण आहे. त्याआधी मुले स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगतात तो प्रसंग कितीतरी अधिक प्रभावी आहे, कारण तेथे बच्चन केवळ ऐकतात. मुले बोलतात तेव्हा चित्रपट त्यांचा असतो. शिक्षक त्यांच्या वतीने बोलू लागले की तो पुन्हा उद्धारकर्त्याच्या जुन्या कथेकडे सरकतो. सुमारे तीन तासांच्या या चित्रपटात हे दोन्ही आहे, आणि अभ्यासकाने एकासाठी दुसऱ्याकडे डोळेझाक करू नये.

वितरणाची बाजू नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी विशेष महत्त्वाची आहे. हिंदी चित्रपट व्यवसायाने देशाचे जे प्रदेश पाडले त्यांना ‘सर्किट’ म्हणतात आणि त्यांत नागपूर आजही ‘सीपी बेरार’ या नावाने मोजले जाते. मध्यप्रांत व वऱ्हाड हा प्रशासकीय प्रांत नकाशावरून जाऊन दशके लोटली, व्यवसायाच्या हिशेबात तो टिकून आहे. म्हणजे एकाच राज्यातील मुंबई एका सर्किटमध्ये आणि नागपूर दुसऱ्यात पडते. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत मराठी आणि हिंदी अशा दुभाषी राज्याची राजधानी असलेल्या या शहराची बोलीही तशीच मिश्र आहे. ‘झुंड’मधील मुलांच्या तोंडचे ‘बे’ आणि मराठी वळणाचे हिंदी हे नागपूरच्या रस्त्यावरचेच हिंदी आहे. त्यामुळे मंजुळे मराठी सोडून हिंदीकडे गेले ते केवळ मोठ्या बाजारासाठी, हे म्हणणे अपुरे ठरते. मात्र भाषेच्या या निवडीचे व्यावसायिक परिणाम टळले नाहीत. हिंदी ठरल्यामुळे चित्रपट मराठी चित्रपटांच्या शासकीय अनुदानाच्या कक्षेबाहेर गेला आणि बहुपडदा चित्रपटगृहांत मराठीसाठी मागितल्या जाणाऱ्या राखीव वेळांचाही त्याला आधार उरला नाही. आदल्याच आठवड्यात आलेला ‘गंगूबाई काठियावाडी’, त्याच दिवशी आलेला ‘द बॅटमॅन’ आणि आठवडाभरातच आलेला ‘द काश्मीर फाइल्स’ यांच्यामध्ये त्याला पडदे शोधावे लागले.

मंजुळे यांच्या आधीच्या दोन चित्रपटांकडे पाहिले की वचन देऊन ते मोडण्याची ही रीत अचानक आलेली नाही हे कळते. ‘फँड्री’च्या प्रसिद्धीसाठी अजय-अतुल यांचे जे गीत महाराष्ट्रभर वाजले ते चित्रपटाच्या आत नाहीच, त्या गीताने शाळकरी प्रेमाची हुरहूर विकली, आणि चित्रपटाने प्रेक्षकाला नायक जब्याने भिरकावलेल्या दगडासमोर आणून उभे केले. ‘सैराट’ने (२९ एप्रिल २०१६) हीच गोष्ट कथनाच्या रचनेत आणली: सगळी गाणी पूर्वार्धात, मोठा वाद्यवृंद, संथगती दृश्ये, आणि हैदराबादेत पोहोचल्यावर गाण्यांचा पूर्ण अभाव; अखेरच्या दृश्यात तर ध्वनीही काढून घेतलेला. प्रेमपटाची सामग्री घेऊन आलेल्या प्रेक्षकाला प्रेमपटाची जुळणी शेवटी नाकारली गेली, तरी मराठीत तोवर कोणत्याही चित्रपटाने न मिळवलेले उत्पन्न त्याने मिळवले. ‘धडक’ (२०१८) या हिंदी पुनर्निर्मितीने कथावस्तू घेतली, जातीचा प्रश्न पुसट केला आणि शेवट बदलला. कथावस्तू उसनी घेता येते, कथन घेता येत नाही, हे शिकवण्यासाठी हे दोन चित्रपट एकामागून एक दाखवणे पुरेसे आहे.

मंजुळे यांच्याच चमूतील सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा ‘नाळ’ (२०१८) वऱ्हाडी बोलीला विनोदाच्या कोपऱ्यातून बाहेर काढून लहान मुलाच्या दुःखाची भाषा बनवतो, एवढे येथे नोंदवले तरी पुरे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’पाशी थोडे थांबायला हवे. यातील लोकशाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार हे नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक, एप्रिल २०२१मध्ये करोनाने त्यांचे नागपुरातच निधन झाले. न्यायालयीन नाट्य म्हटले की ‘दामिनी’तील गर्जना आठवणाऱ्या प्रेक्षकासमोर ‘कोर्ट’ तारखांमागून तारखा ठेवतो, वकिलांच्या मागे त्यांच्या घरापर्यंत जातो आणि निकाल न देताच सुटीवर गेलेल्या न्यायाधीशांपाशी संपतो. २०१४मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दोन पुरस्कार आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्यामुळे त्याची परिसंहिता मानचिन्हांची झाली. मानचिन्हे एका प्रेक्षकवर्गाला बोलावतात आणि दुसऱ्याला दूर ठेवतात. ‘महोत्सवी चित्रपट’ हाही आता व्यवहारात एक प्रकारच बनला आहे, आणि ज्या वर्गाची कथा तो सांगतो त्या वर्गापर्यंत पोहोचण्यात हे नाव आड येते, ही गंभीर बाब आहे.

या अडचणीचे सर्वांत ताजे उदाहरण म्हणजे जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव या दिग्दर्शकाच्या गावात, अभिनयाची पार्श्वभूमी नसलेल्या माणसांना घेऊन केलेल्या या चित्रपटाला २०२३मध्ये टोरांटो महोत्सवात ‘नेटपॅक’ पुरस्कार मिळाला, पण तो महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत आला ७ मार्च २०२५ रोजी, म्हणजे शिवाजी सावंत यांच्या मराठी कादंबरीवरून हिंदीत केलेला ‘छावा’ प्रदर्शित होऊन तीन आठवडे झालेले असताना आणि तो जोरात चाललेला असताना. मराठी इतिहासाची भव्य हिंदी कथा आणि मराठी वर्तमानाची लहानशी वऱ्हाडी कथा एकाच पडद्यासाठी समोरासमोर आल्या, आणि प्रसिद्धीवर दोघांचा खर्च कधीच सारखा होणार नव्हता.

कथनाच्या दृष्टीने ‘स्थळ’ धाडसी आहे, कारण त्याची रचना प्रगतीची नसून पुनरावृत्तीची आहे. समाजशास्त्र शिकणारी आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी सविता (नंदिनी चिकटे) पाटावर येऊन बसते, समोरचे पुरुष नाव, शिक्षण, उंची, आवडनिवड असे तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतात, पोहे-चहा होतो, माणसे उठतात. आणि काही काळाने दुसरे स्थळ येते. ‘हम आपके हैं कौन’पासून लग्नपटाने लग्नाला सोहळा म्हणून दाखवले, येथे सोहळ्याच्या आधीची तपासणी तेवढीच दिसते, आणि कापसाचा भाव आणि हुंड्याची रक्कम एकाच घरात मोजली जाते. प्रारंभीचा स्वप्नप्रसंग मात्र उलटा आहे: बसलेल्या सगळ्या बायका, पाटावर आणलेला मुलगा, आणि प्रश्न विचारणारी सविता. टोरांटोतील प्रेक्षक या प्रसंगाकडे व्यंगाची चतुर युक्ती म्हणून पाहत असेल. चंद्रपूर-यवतमाळच्या चित्रपटगृहात पुढच्या रांगेत बसलेल्या मुलीला त्यातला प्रत्येक प्रश्न पाठ असतो, आणि त्या प्रसंगावर ती हसते तेव्हा तिच्या शेजारी तिचे वडीलही बसलेले असू शकतात. हा दुसरा प्रेक्षक गाठण्यासाठी टोरांटोचे मानचिन्ह उपयोगी नाही. त्यासाठी महाविद्यालयांतील खेळ, बचतगट, तालुक्याच्या गावातले दुपारचे प्रयोग हवेत. वडसा येथे कार्यालये थाटून धानाच्या सुगीनंतर गावोगावच्या मंडईत रात्रभराचे प्रयोग लावणारी झाडीपट्टी रंगभूमी हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहे, आणि विदर्भातील चित्रपट वितरणाने तिच्याकडून ते अजून शिकून घेतलेले नाही.