गहू-दूध बंद करण्याआधी

'ऑटिझम आहे ना? मग गहू आणि दूध बंद करा, फरक पडतो.' हा सल्ला तुम्हीही कुठे ना कुठे ऐकला असेल. मागच्या महिन्यात माझ्या मामेबहिणीने मला तेच विचारलं. तिचा मुलगा पाच वर्षांचा आहे. मी म्हटलं, "तो सध्या काय काय खातो, ते आधी सांग." दूध-पोळी, दहीभात, एकाच प्रकारचं बिस्किट आणि केळं. यादी संपली! यातून गहू-दूध काढलं तर ताटात उरतो कोरडा भात आणि केळं.

या सल्ल्यामागची कल्पना अशी: गव्हातलं ग्लुटेन आणि दुधातलं केसिन ही प्रथिनं अर्धवट पचतात, त्यांचे तुकडे रक्तात जातात आणि मेंदूवर अफूसारखा परिणाम करतात. ऐकायला पटतं. पण तपासून पाहिलं तर काय दिसतं?

सुझन हायमन आणि सहकाऱ्यांचा 2016 मधला प्रयोग बघू या. 3 ते 5 वर्षांच्या 14 मुलांना आधी 4 ते 6 आठवडे हा आहार दिला. मग तो चालू ठेवूनच 12 आठवडे, दर आठवड्याला एक खाऊ: कधी ग्लुटेनचा, कधी केसिनचा, कधी दोन्हींचा, तर कधी दोन्ही नसलेला. कोणत्या खाऊत काय आहे, हे पालकांना माहीत नव्हतं आणि निरीक्षकांनाही. वागण्यात किंवा ऑटिझमच्या लक्षणांत लक्षणीय फरक दिसला नाही.

आता उणी बाजू. 14 ही संख्या फारच लहान आहे. शिवाय आठवड्यातून एकदा दिलेला खाऊ म्हणजे रोजचं जेवण नव्हे. त्यामुळे 'हा आहार निरुपयोगी ठरला' असं म्हणणंही घाईचं होईल. 'सगळ्यांनी करावा इतका पुरावा नाही', एवढंच म्हणता येतं.

याच अभ्यासात हा आहार 'सुरक्षित' ठरला, हे वाक्य लोक आवडीने सांगतात. त्याच्या आधीचे शब्द मात्र गाळतात: पोषणतज्ज्ञांच्या सल्ल्यासह. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. आपल्याकडे हा आहार बहुतेकदा कुणाच्याही देखरेखीशिवाय सुरू होतो.

धोका किती खरा आहे? विल्यम शार्प आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. ऑटिझम असलेल्या मुलांत खाण्याच्या अडचणींची शक्यता सुमारे 5 पट जास्त दिसली. कॅल्शियम आणि प्रथिनं कमी पडत होती. वाढीत मात्र ठळक फरक नव्हता. म्हणजे 'वजन बरोबर आहे' एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. अगदी मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलांना स्कर्व्ही झाल्याच्याही नोंदी आहेत.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे ज्वारी-नाचणी आहे की! आहे, आणि नाचणीत कॅल्शियमही भरपूर असतं. पण ज्याला पोळी थोडी जाड झाली तरी चालत नाही, तो भाकरी खाईल? हा हट्ट नसतो. स्पर्श, वास, रंग त्याला खरोखर सोसत नाहीत.

बहिणीला मी एवढंच सांगितलं: आधी आठवडाभर तो खातो ते सगळं लिहून काढ. बद्धकोष्ठता आणि दात डॉक्टरांना दाखव. सिलिॲकची शंका असेल तर गहू बंद करण्याआधी रक्ततपासणी कर, कारण नंतर तिचा निकाल फसवा येऊ शकतो. आणि काही काढायचंच असेल, तर त्याची जागा घेणारा पदार्थ त्याने आधी स्वीकारलेला असू दे.