उघडी खतावणी
ब्लॉकचेनवरील प्रत्येक नोंद जगजाहीर असते. खातें कोणाचें हें एकदां कळलें कीं वाण्याची खतावणी चावडीवर टांगल्यासारखेंच. यावर उपाय म्हणून निघालेल्या ‘टॉर्नेडो कॅश’मध्यें चोरांचा पैसाहि मिसळला, आणि ऑगस्ट २०२२ मध्यें अमेरिकेच्या अर्थखात्यानें त्या योजनेवर निर्बंध घातले. (ते मार्च २०२५ मध्यें उठले.) या पेंचांतून वाट काढण्यासाठीं विटालिक ब्युटेरिन व त्यांचे चार सहकारी यांनीं २०२३ सालीं लिहिलेला निबंध वाचनीय आहे. पैसे काढणारानें आपली ठेव कोणती हें सांगूं नये; मात्र ती निर्दोष ठेवींच्या एका संचांत आहे, एवढें गणिती पुराव्यानें सिद्ध करावें, ही त्यांची सूचना. प्रामाणिक मनुष्य आपण होऊन चोरांपासून वेगळा होईल, ही कल्पना खरोखर मार्मिक आहे.

परंतु निर्दोष कोण, हें ठरवावयाचें कोणीं? निबंधकार तें काम मध्यस्थांवर सोंपवितात. आमच्या मतें सारें मर्म तेथेंच आहे. संच लहान, तर आडोसाहि तोकडा; आणि ज्याची ठेव चुकून वगळली गेली, त्यानें दाद कोणाकडे मागावी, याचा विचार आम्हांस अपुरा वाटला.