कालामांचा संशय आणि आपला मोह

केसमुत्ति निगमातील कालामांना भगवंतांनी केलेला उपदेश आजच्या बौद्ध लेखनात जितक्या वेळा उद्धृत होतो, तितके तिपिटकातील दुसरे सुत्त क्वचितच होत असेल. तो तितक्याच काळजीपूर्वक वाचला जातो, असे मात्र म्हणवत नाही. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातील हे छोटेखानी सुत्त. सोम थेरांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तो श्रीलंकेतील बुद्धिस्ट पब्लिकेशन सोसायटीने १९५९ साली प्रसिद्ध केला आणि त्याला ‘बुद्धांनी दिलेली मुक्त चिकित्सेची सनद’ अशा आशयाचे उपशीर्षक लाभले. पुढे सुत्तापेक्षा हे उपशीर्षकच अधिक वाचले गेले. १९८८ साली भिक्खु बोधी यांनी एका टिपणात या सोयिस्कर वाचनाला हरकत घेतली. तर १९९० साली स्टीफन बॅचलर यांनी कोरियातील ध्यानपरंपरेच्या आधारे संशय हेच साधनेचे इंधन मानणारे ‘द फेथ टू डाउट’ हे पुस्तक लिहिले. हल्लीच्या व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकांत तर ‘गोंधळाला आपलेसे करा, तोच वाढीचा मार्ग’ असा उपदेश सर्रास आढळतो आणि त्याच्या समर्थनासाठी कालामांना साक्षीला बोलावले जाते.

हा वाद केवळ ग्रंथालयातला असता तर त्यात शिरण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु गेल्या वर्षावासात एका विहारात बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू असताना एका उपासिकेने विचारले, “भंते, मरणानंतर काय, याविषयीचा माझा गोंधळ काही केल्या सुटत नाही. मी शील पाळते. पण हा गोंधळ मनात ठेवून धम्मात राहता येते का?” भंतेजी उत्तर देण्यापूर्वीच एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, “ताई, विचिकिच्छा हे नीवरण आहे. अशा शंका काढू नयेत.” त्यावर एक तरुण उठून म्हणाला, “कालामसुत्तात तर शंका घ्यायलाच सांगितले आहे. ताईंचा गोंधळ आहे तो चांगलाच आहे, राहू द्या तो!” दोघांच्याही बोलण्याला तिपिटकात आधार आहे. ताईंना मात्र दोघांकडूनही उत्तर मिळाले नाही. वाचन पुढे चालू झाले.

आता सुत्ताकडे वळू. निरनिराळे श्रमण-ब्राह्मण येतात, आपल्या मताची थोरवी गातात, इतरांच्या मताची निंदा करतात; यांत खरे कोण, असा कालामांचा प्रश्न आहे. भगवंत प्रथम एवढेच सांगतात की, तुम्हांला शंका येणे योग्यच आहे, कारण शंकेला जागा आहे अशा ठिकाणीच ती आली आहे. या वाक्यात शंकेचे स्तोत्र नाही. वैद्याने ‘तुम्हांला ताप आहे, आणि तो का आला हेही दिसते’ असे म्हणावे, त्या जातीचे ते विधान आहे. त्यानंतर दहा अपुरी प्रमाणे येतात. त्यांत ऐकीव गोष्ट, परंपरा व ग्रंथवचन आहे हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच यादीत तर्क आहे, अनुमान आहे, आणि स्वतःच्या मताशी जुळते म्हणून पटणे हेही आहे, याचा उल्लेख आमचे बुद्धिवादी मित्र सहसा करीत नाहीत. सर्वांत शेवटी ‘हा श्रमण आमचा गुरू आहे’ हे प्रमाणही भगवंत बाजूला सारतात. म्हणजे ऐकणाऱ्याच्या हातून त्यांनी स्वतःलाही काढून घेतले.

मग उरते काय? उरतो एक प्रतिप्रश्न : लोभ, दोस आणि मोह मनुष्याच्या ठायी उत्पन्न होतात ते त्याच्या हिताचे की अहिताचे? कालाम उत्तर देतात, अहिताचे. ज्यांना कोणाचे खरे मानावे हे कळत नव्हते, त्यांना हे मात्र कोणाला न विचारता कळते. सुत्ताचा सारा भार या ठिकाणी आहे, आणि नेमका येथेच मराठी वाचक फसतो.

याचे कारण ‘मोह’ हा शब्द. मराठीत आपण ‘खरेदीचा मोह आवरला नाही’ म्हणतो. मोह म्हणजे भुरळ, आकर्षण. त्यामुळे लोभ-द्वेष-मोह हे त्रिक मराठीत वाचणाऱ्याला मोह हा लोभाचाच धाकटा भाऊ वाटतो. पालीत तसे नाही. कालामसुत्तानंतर लगेच येणाऱ्या साळ्हसुत्तात हाच उपदेश आयुष्मान नंदक करतात आणि तेथे ते शब्दांचे अर्थही सांगतात : लोभ म्हणजे अभिज्झा, दोस म्हणजे ब्यापाद आणि मोह म्हणजे अविज्जा. मोह म्हणजे मूढता. न उमगणे, आणि न उमगल्याची जाणीवही नसणे. तेव्हा ज्या सुत्ताच्या आधारे गोंधळाला आलिंगन द्यावयास सांगितले जाते, तेच सुत्त मूढतेला अहिताच्या तीन मुळांत गणते. आमच्या अनेक अनुवादांत मूळ पाली शब्द तसाच ठेवण्याची प्रथा आहे. आदरापोटी ती पाळली जाते हे खरे, पण येथे त्या आदराने अर्थ झाकला आहे. ‘मूढता’ हा साधा शब्द घातला असता तर अर्धा वाद उद्भवलाच नसता.

मात्र त्या ज्येष्ठ उपासकांची बाजू यामुळे पूर्णपणे सिद्ध होते, असेही नाही. विचिकिच्छा नीवरण आहे, संयोजन आहे, अभिधम्मात ती मोहमूलक चित्ताशी जोडलेली आहे. हे सर्व निर्विवाद. संगारव ब्राह्मणाला दिलेल्या दृष्टान्तात ती अंधारात ठेवलेल्या गढूळ, चिखलट पाण्यासारखी आहे. त्यात पाहणाऱ्याला आपला चेहरा दिसत नाही. परंतु पाणी गढूळ आहे हे दडवून ते निवळत नाही. सतिपट्ठानात साधकाने काय करावयाचे? विचिकिच्छा आपल्यात असेल तर ‘आहे’ असे जाणावयाचे, नसेल तर ‘नाही’ असे. ती कशी उपजते आणि कशी जाते हेही जाणावयाचे. ‘शंका काढू नका’ असे तेथे कोठेही नाही. बुद्धघोषाचार्यांनी या शब्दाची जी निरुक्ती दिली आहे ती येथे ध्यानात घेण्यासारखी आहे : जिच्यातून चिकिच्छा निघून गेली ती विचिकिच्छा. व्याकरणदृष्ट्या ही व्युत्पत्ती टिकणारी नाही आणि आचार्यांना अभिप्रेत असलेली चिकिच्छा ही वैद्याची, म्हणजे उपचाराची होय. पण मराठीने ‘चिकित्सा’ या एकाच शब्दात उपचार आणि बारकाईची तपासणी हे दोन्ही अर्थ राखले आहेत, म्हणून मराठी कानाला ही निरुक्ती अधिकच बोलकी वाटते. ज्या शंकेतील चिकित्सा संपली ती शंका नीवरण. आणि तरुण मित्राच्या ‘राहू द्या’मध्येही, खेदाने म्हणावे लागते, चिकित्सा संपलेलीच होती.

कोरियन परंपरेविषयीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तेथील ‘महासंशय’ ही आचार्याच्या देखरेखीखाली, एकाच प्रश्नावर दीर्घकाळ चित्त जुंपण्याची कठोर साधना आहे. तिचे नाव घेऊन कोणालाही ‘गोंधळलेले राहा’ असे सांगणे हा त्या परंपरेवरही अन्यायच.

ताईंच्या गोंधळाचा उगम दूरचा नाही. आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच ग्रंथाच्या प्रास्ताविकात इतर तीन प्रश्नांबरोबर स्वतःच मांडला आहे. ग्रंथात पुढे त्यांनी आपले उत्तर दिले, परंतु प्रश्न खोडला नाही. उलट वाचकांनी त्यांच्या उकलीत भर घालावी अशी अपेक्षा व्यक्त केली. ज्या ग्रंथाच्या दारातच प्रश्न उभे केले आहेत, त्याच्या वाचनात प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करावे, हे विपरीत आहे.

आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर कालामसुत्तातच होते! सुत्ताचा उत्तरार्ध क्वचितच वाचला जातो. तेथे भगवंत चार आश्वासने सांगतात. परलोक असेल आणि कर्माला फळ असेल, तर मला सुगती लाभेल. नसेल, तर याच जीवनात मी निर्वैर, सुखी आहे. पाप करणाऱ्याला पाप भोवत असेल, तर मी कोणाचे वाईट चिंतीत नाही, मग दुःख मला कोठून स्पर्शणार? भोवत नसेल, तरी दोन्ही बाजूंनी मी शुद्धच आहे. परलोक आहे की नाही, याचा निवाडा येथे केलेला नाही. ‘असेल तर’ आणि ‘नसेल तर’ ही दोन्ही दारे उघडी ठेवून मनुष्याला निर्धास्त केले आहे. मात्र ही आश्वासने कोणासाठी? त्याआधीच्या परिच्छेदात मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा यांनी दिशा व्यापणाऱ्या ज्या आर्यश्रावकाचे वर्णन आहे, त्याच्यासाठी. आणि त्याच्या विशेषणांत ‘असम्मूळ्हो’, अर्थात मूढ नसलेला, हे एक आहे. प्रश्न अनिर्णीत आहे, पण चित्त मूढ नाही. या दोन गोष्टी एकाच मनुष्यात एकत्र नांदू शकतात, हे ताईंना त्या दिवशी कोणीतरी सांगावयास हवे होते.

महापरिनिब्बानसुत्तात अखेरच्या क्षणी भगवंत भिक्खूंना विचारतात, कोणाला बुद्ध, धम्म, संघ किंवा मार्ग यांविषयी शंका असेल तर आत्ताच विचारा. भिक्खू गप्प राहतात. तीनदा विचारूनही गप्पच. तेव्हा ते म्हणतात की, शास्त्याच्या गौरवामुळे विचारीत नसाल, तर एका मित्राने दुसऱ्या मित्राला तरी सांगावे. आपल्या विहारांत आज अशी मित्राजवळ बोलण्याची जागा किती ठिकाणी आहे? त्या विहारात मी पुढच्या रविवारी गेलो, तेव्हा ताई मागच्या रांगेत बसल्या होत्या. वाचन संपल्यावर मी सुत्ताचा तो उत्तरार्ध त्यांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि ‘असम्मूळ्हो’ या शब्दाचा अर्थ विचारून वहीत लिहून घेतला.