एका ३९ अंकी मूळ संख्येची सिद्धता : एक चिकित्सा

प्रस्तुत टिपणात 'दोनचा १२७ वा घात उणे एक' या मूळ संख्येचा विचार केला आहे. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये ती मूळ असल्याचे दाखविले. १९५१ पर्यंत तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणास ज्ञात नव्हती. लोकप्रिय गणितलेखनात तिचा उल्लेख बहुधा अंकसंख्येपुरताच येतो. '३९ अंकी' एवढे म्हटले की लेखकाचे काम संपते. वास्तविक मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडपासून सिद्ध असल्याने 'सर्वांत मोठी' हे बिरुद तात्पुरतेच असते. ही संख्या मूळ आहे हे कसे कळले, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

या संख्येचे वर्गमूळच २० अंकी आहे. त्यामुळे एकेका अवयवाने भागून पाहण्याचा मार्ग हाताने गणित करणाऱ्यास बंद होतो. ल्युकांच्या कसोटीत ३ पासून आरंभ करून प्रत्येक वेळी वर्ग करावयाचा, त्यातून २ वजा करावयाचे आणि तपासावयाच्या संख्येने भागून बाकी घ्यावयाची. घातांक मूळ असावा व त्यास ४ ने भागता ३ उरावेत, ही अट. घातांक ७ घेतला तर संख्या १२७ येते आणि बाक्या अशा मिळतात : ३, ७, ४७, ४८, १६, ०. पाच पायऱ्यांनंतर शून्य आले, म्हणून १२७ मूळ. पदवीच्या वर्गात हे फळ्यावर पाच मिनिटांत होते. पुढे हाच १२७ घातांक घेतला की पायऱ्या १२५ होतात आणि प्रत्येक पायरीवर ३९ अंकांपर्यंतच्या संख्येचा वर्ग करावा लागतो.

इतक्या लांब आकडेमोडीवर विश्वास कसा ठेवावा, हा आक्षेप रास्त आहे. परंतु येथे दोन्ही निर्णयांचे वजन सारखे नाही. मध्ये एखादी चूक झाली असती तर शेवटी नेमके शून्य येणे जवळजवळ अशक्य होते. म्हणजे ते शून्य स्वतःच गणिताच्या शुद्धतेची साक्ष देते. उलट, शून्येतर बाकी चुकीनेही सहज येऊ शकते. म्हणूनच ६७ व्या घाताची संख्या संयुक्त असल्याचा ल्युकांचा १८७६ मधील निर्णय बरोबर असूनही तुलनेने दुबळा वाटतो. त्यात अवयव दिलेले नव्हते. ते १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी दिले : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. हा गुणाकार शाळकरी विद्यार्थ्यासही पडताळता येतो.

नामकरणात मात्र ल्युकांवर अन्याय झाला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मर्सेन यांनी १६४४ मध्ये केवळ यादी दिली, सिद्धता नाही. तीत ६७ व २५७ हे घातांक चुकीने आले, तर ६१, ८९ आणि १०७ सुटले. तरीही या संख्या मर्सेन यांच्याच नावाने ओळखल्या जातात. ल्युकांचे नाव उरले ते कसोटीत, तेही पुढे तिला सुटसुटीत रूप देणाऱ्या लेमर यांच्या जोडीने. २०२४ मध्ये सापडलेली ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या आधी एका संभाव्यतेच्या चाचणीतून पुढे आली. तिच्यावर अंतिम शिक्कामोर्तब झाले ते याच ल्युका-लेमर कसोटीने.